साडेनऊ हजार वेढ्यांचे मामा

तांब्याची तार ज्याचं ऐकते असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. माझं शिक्षण बी.एस्सी. फिजिक्स, तेही फर्स्ट क्लास. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट मी जिथे तिथे सांगतो आणि सांगताना लाजत नाही. कामोठ्यात अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास घेतो. विद्युतचुंबकीय प्रवर्तन हे प्रकरण चौदा वर्षं फळ्यावर शिकवतो आहे. एवढं असूनही ते प्रकरण मला खऱ्या अर्थाने कळलं ते पनवेलच्या जुन्या बाजारातल्या आठ बाय दहाच्या एका दुकानात, लाकडी बाकड्यावर बसून, आठवी नापास झालेल्या माणसाकडून.

आमची पहिली भेट माझं लग्न ठरवण्याच्या बैठकीत झाली. मुलीकडची सात-आठ माणसं आमच्या ओटीवर बसली होती. माझ्या बापाने माझी मार्कशीट पोह्यांच्या बशीशेजारी मांडून ठेवली होती, कोणी मागितली नव्हती तरी. सगळ्यांनी ती आदराने पाहून पुढे सरकवली. मामांपर्यंत आली तेव्हा त्यांनी ती न बघताच पुढच्याला दिली आणि मला विचारलं, "फिजिक्स म्हंजे चुंबक-बिंबक येतं ना?"

"येतं," मी म्हटलं.

"मंग सांग. बेस गिटारच्या पिकअपला दोन हजार टर्न जास्त मारले, तर आवाज वाढंल का कमी होईल?"

मी ताठ बसून सांगितलं की वाढेल, कारण वेढे जास्त तर वीज जास्त. मामांनी एक घास पोहे खाल्ले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वाढंल. पन वरचा मरंल." मग माझ्या होणाऱ्या सासऱ्यांकडे वळून त्यांनी निकाल दिला. "पोरगा चांगला हाय. अर्धं येतं." त्या अर्ध्यावर माझं लग्न झालं. पाहुणे गेल्यावर मी जुनी पुस्तकं काढून बसलो. मामांचं बरोबर होतं. वेढे वाढले की आवाजाचा जोर वाढतो, पण त्याच वेढ्यांत वरच्या, बारीक सुरांची वाट अडते. हे सगळं पुस्तकात होतं, मीच तिथवर गेलो नव्हतो.

ज्यांना या वस्तूची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेस गिटार म्हणजे चार जाड स्ट्रिंगांची गिटार. ऑर्केस्ट्रात ती कोणाला दिसत नाही, पण बंद पडली की पाय नाचायचे थांबतात. तिच्या स्ट्रिंगांखाली काळी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. डबीत लोहचुंबक, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर लोखंडी स्ट्रिंग थरथरली की खाली चुंबकाचं क्षेत्र थरथरतं, वेढ्यांत इवलीशी वीज जागी होते, आणि तीच पुढे भिंतीएवढ्या स्पीकरमधून छातीवर येऊन आदळते. मामांचा धंदा खरा मोटर वाइंडिंगचा. जळलेले पंप, पंखे, मिक्सर. एकदा कोणा ऑर्केस्ट्रावाल्याने मेलेली डबी त्यांच्यासमोर ठेवली आणि "हिचं काही होतं का बघा" म्हणाला. मामांनी पेचकसाने डबी उघडली, आत डोकावले आणि म्हणाले, "ही तर मोटरच हाय. फिरत नाय एवढंच." चौदा वर्षांत पिकअपची याहून चांगली व्याख्या मला फळ्यावर लिहिता आलेली नाही.

ती पहिली डबी मात्र त्यांनी पार वाया घालवली, आणि ती गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. तार गुंडाळली ती उत्तम, पण पुढे हाताला जी सवय होती तेच केलं. मोटरची कॉइल करतात तशी डबी व्हार्निशमध्ये बुडवली आणि दोनशेच्या बल्बखाली वाळत टांगली. मोटर लोखंडाची असते, ती सोसते. डबी प्लास्टिकची होती. दुपारपर्यंत ती तळणीतल्या पापडासारखी वळली. मामांनी बल्ब बंद केला, गिऱ्हाइकाला सांगितलं की माझ्याकडून मेली, आणि मोटरच्या खाचांत घालतात तो जाड फायबरचा कागद कापून स्वतःच्या हाताने नवी डबी बनवून दिली. व्हार्निशऐवजी वितळलेलं मेण लागतं हा शोध त्यांना पुढे लागला. वेढे सुटे राहिले की मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरतात आणि स्पीकर शिट्ट्या मारतो. मेण त्यांना धरून ठेवतं. या शोधाची किंमत मामींच्या दोन टोपांनी चुकवली. मामी आजही नवं भांडं घरात आणलं की आधी त्याला लाल रंगाने खूण करतात. "ही खूण म्हंजे हे माझं हाय," त्या मला सांगतात. "बाकी या घरात सगळं मेणाचं."

पिकअप भरायला, म्हणजे त्यावर तार गुंडाळायला, मामा बसत तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली येई. पंखा बंद. बेचाळीस नंबरची ती तार पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा तुटते. चहा बंद, बोलणं बंद, आणि जळका मिक्सर हातात धरून उभ्या असलेल्या बाईला बोटाने खूण, की बाकड्यावर बस. डाव्या हाताने मशीनचं हँडल, उजव्या हाताच्या दोन बोटांत बनातीचा तुकडा, आणि त्यातून सरकणारी, दिसेल न दिसेल अशी तांबूस रेघ. मशीनला वेढे मोजणारं घड्याळ होतं, पण मामा त्याच्याकडे बघत नसत. बोट किती दाबायचं हे ते तारेला विचारत होते असंच वाटायचं. जोर जास्त झाला तर तार ताणून बारीक होते, कमी झाला तर वेढे ढिले पडतात. एकदा सहा हजार वेढे झाले असताना मला शिंक आली. मामांचा हात इतकासा हलला आणि तार तुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी सहाच्या सहा हजार वेढे उलटे काढले आणि एकपासून सुरुवात केली. मी म्हटलं, "मामा, तुटलेली जागा डाग देऊन जोडता आली असती ना? मीटरवर फरकसुद्धा दिसणार नाही."

"जोडली तर चालते," ते म्हणाले. "पन मला म्हाईत राहील."

आणखी एक गोष्ट मला त्या बाकड्यावर बसून कळली. कारखान्यातलं मशीन तार अगदी शिस्तीत, ओळीला ओळ लावून बसवतं. मामा मुद्दाम बोट किंचित इकडेतिकडे हलवत, वेढे एकमेकांवरून तिरपे जाऊ देत. मला वाटलं वयामुळे होत असेल. तसं मी बोलूनही गेलो. मामांनी दोन डब्या पुढ्यात ठेवल्या, एक विकतची आणि एक स्वतःची, दोन्हींत वेढे सारखे. दुकानातल्या जुन्या बेसला आळीपाळीने लावून ऐकवल्या. विकतची सभ्य होती. मामांची श्वास घेत होती. मी घरी येऊन कागदावर गणित मांडलं. तिरप्या वेढ्यांमध्ये हवा राहते, तार तारेला कमी चिकटते, वरचे सूर कमी गळतात. गणित करायला मला दोन दिवस लागले. मामांनी ते बोटाच्या पेरावर केलं होतं, आणि त्यांना ते गणित आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

चुंबकांच्या बाबतीत तर ते माणसांची स्थळं बघावीत तसे बसत. जुन्या मीटरांतून काढलेला अल्निकोचा चुंबक त्यांच्या लेखी घरंदाज. "आवाज करत नाय, पन सगळ्यांना सांभाळून घेतो." फुटक्या स्पीकरमधला काळा फेराइट म्हणजे मच्छी मार्केटातला भाव करणारा. "पुढं येऊन बोलतो. लग्नाला बरा, घरात नको." आणि कॉम्प्युटरच्या डिस्कमधून निघणारे ते चकचकीत, बोट चिमटणारे नवे चुंबक त्यांनी एका डब्यात बंद करून ठेवले होते. मी विचारलं, "एवढे ताकदीचे आहेत, ते का नाही वापरत?" मामांनी त्यातला एक पिकअपखाली धरला आणि जाड स्ट्रिंग छेडली. सूर निघाला आणि लगेच वाकडा होऊन मेला. "बगितलं? स्ट्रिंगला धरून ठेवतो. नाचूच देत नाय. एवढा जीव लावनारा कोनाला नको." चुंबकाची ताकद मोजायला त्यांच्याकडे मामींच्या साडीच्या सेफ्टी पिना होत्या. एकीखाली एक, किती लटकतात ते बघायचं. बेसला अडीच पिनांचा चुंबक, म्हणजे दोन पिना पक्क्या आणि तिसरी पडू की नको अशी. मी क्लासमधलं मापक आणून त्यांनी निवडलेले आठ चुंबक मोजले. आठांच्या आकड्यांत एवढा थोडा फरक निघाला की मी मापक पिशवीत घातलं आणि पुन्हा काढलं नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम मी स्वतः पाहिला तो उलव्याजवळच्या एका हळदीत. संध्याकाळी ऑर्केस्ट्रा जुळवाजुळव करत होता आणि आम्ही पंगतीला बसलो होतो. बेस वाजवणारा उरणचा कोळी होता. सकाळी मासळी विकायची आणि संध्याकाळी बेस वाजवायचा असा त्याचा क्रम. त्याच्या गिटारला दोन पिकअप होते आणि त्यातला एक त्याने दुसरीकडून बदलून आणला होता. वाजवायला सुरुवात झाली. मला काही खटकलं नाही. मामांचा घास मात्र हातातच थांबला. "पोटात काय येत नाय," ते म्हणाले. उष्ट्या हाताने उठले, वाटेत हात धुतला, स्टेजवर चढले आणि शर्टाच्या खिशातला पेचकस काढून वाजत्या ऑर्केस्ट्रात त्या माणसाच्या गिटारचं झाकण खोलायला लागले. नवरदेवाचे काका धावत आले, "ओ मामा, काय करताय?" मामांनी मान वर केली नाही. एका पिकअपच्या दोन तारा त्यांनी उलट्या जोडल्या आणि खाली उतरून पुन्हा पंगतीत बसले. पुढच्या ठोक्याला मांडवातली पानं थरथरली. मी विचारलं काय झालं होतं. "दोघं एकमेकांच्या उलटं ओढत होते," मामा वरणात भात कालवत म्हणाले. "एक हो म्हनला की दुसरा नाय म्हनायचा. बाहेर काय येनार?" शंभर माणसांच्या गोंगाटात, तेवढ्या लांबून, जेवताना. मी त्या दिवशी माझ्या बायकोला सांगितलं की तुझा मामा माणूस नाही.

आणि म्हणूनच दोन वर्षांपूर्वी तो उरणचा बेसवाला माझ्या क्लासवर आला, मुलं सुटेपर्यंत जिन्यात थांबला आणि चपलेने फरशी घासत म्हणाला, "मास्तर, मामांच्या हातात आता पयल्यासारखं नाय राहिलं," तेव्हा मला राग आला. त्याने शांतपणे मला ऐकवलं. त्याच्या फोनमध्ये जुन्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण होतं आणि नव्या पिकअपचंही. जुना आवाज गोल होता, भरलेला. नवा पुढे पुढे येऊन टोचत होता, खाली आधार नसल्यासारखा. "आमी चार-पाच जनांनी नवीन भरून घेतले, सगळे असेच," तो म्हणाला. "आता नवीन पोरं त्यांच्याकडं जातच नाय. कोन सांगतो गिटार विकली, कोन सांगतो गानं सोडलं. त्यांना तोंडावर कोन सांगनार? तुमी जावई हाव. शिकलेले हाव."

मामांना हे कळलं नव्हतं असं नाही. गिऱ्हाईक कमी झालंय हे त्यांनाही दिसत होतं. पण त्यांचं म्हणणं होतं की हल्लीची तार खराब येते. "मऊ बोलते," ते म्हणत. "म्हनून मी टर्न कमी मारतो आनि चुंबक जरा तेज लावतो. तरी आवाज दबलेलाच." हे ऐकून मला शंका आली, कारण आता मला बैठकीतल्या त्या उत्तराचं दुसरं अर्धंही येत होतं. मी त्या चार-पाच जणांकडून नवे पिकअप, आणि जोडीला एक जुना, चांगला वाजणारा, मागून घेतला. मामा प्रत्येक डबीच्या तळाला सुईने वेढ्यांचा आकडा आणि महिना कोरतात. मी ते घरी टेबलावर ओळीने मांडले. साडेनऊ हजार. नऊ हजार एकशे. आठ हजार सातशे. आठ हजार दोनशे. शेवटचा आठ हजारांवर आलेला. चुंबकही अडीच पिनांवरून साडेतीन पिनांवर गेले होते. तार तीच होती, मी मोजून बघितली. बदलला होता तो ऐकणारा. वरचे बारीक सूर मामांपर्यंत पोचत नव्हते, आणि ते पोचावेत म्हणून मामा दर खेपेला थोडे वेढे कमी करत होते, थोडा चुंबक वाढवत होते. तरुणपणी ते तळोज्याच्या एका कारखान्यात कंप्रेसरपाशी अकरा वर्षं उभे होते. पोटात येणारा आवाज शाबूत होता. कानातला वरून वरून झिजत चालला होता.

हे त्यांना कसं सांगायचं याचा मी पंधरा दिवस विचार केला. या माणसाकडे दुसरं काही नव्हतं. घर साधं, मूलबाळ नाही, दुकान भाड्याचं. पनवेल-उरण पट्ट्यात ज्याच्या हातात बेस आहे त्याच्या तोंडी मामांचं नाव, एवढीच त्यांची कमाई. ते नाव आता जिन्यात हळू आवाजात घेतलं जात होतं.

शेवटी एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. क्लासमध्ये मी मुलांना फोनमधून वेगवेगळ्या कंपनांचे सूर ऐकवतो, ज्याला ऐकू येईल त्याने हात वर करायचा. जेवता जेवता मी म्हटलं, "मामा, एक गंमत दाखवतो," आणि फोन ताटांच्या मध्ये ठेवला. खालचे सूर मामांनी माझ्याआधी पकडले. "हा तर पंपाचा," म्हणाले. मी सूर चढवत गेलो. मामा बोंबलाचा काटा काढत होते. एका ठिकाणी मामींनी कपाळाला आठी घातली. आणखी वर गेलो तसा मामींनी खरकटा हात वर धरून मनगटाने कान दाबला. "अवो जावय, बंद करा ना ते, कान फाटला माझा."

मामा काटा ताटाच्या कडेला ठेवून माझ्याकडे बघत होते. "लाव ना," ते म्हणाले. "कसली वाट बगतोस?"

मामांनी एकदा फोनकडे पाहिलं, मग मामींच्या कानावरच्या मनगटाकडे पाहिलं.

"वाजतंय?"

"वाजतंय, मामा."

"कवाधरनं?"

मामी काहीतरी म्हणाल्या, की फोनच बिघडला असेल, तुमी जेवा. मामा उठले, हात धुऊन आले आणि मी पिशवीत घालून आणलेले पिकअप त्यांनी न सांगता ओळखले. एकेक उलटा करून तळाचा आकडा वाचला, सगळे वाचले. मग ते खिडकीपाशी गेले. मला वाटलं, आता हा माणूस दुकान बंद करणार.

"म्हंजे मी माज्या कानासाठी बांधत होतो," ते म्हणाले. "त्यांच्या गान्यासाठी नाय." मग माझ्याकडे वळले. "फोन दे तुजा. माज्यात सगळ्यांचे नंबर नाय, त्या उरनवाल्याकडनं मागव."

त्या दुपारी त्यांनी असल्या डब्या नेलेल्या एकेकाला, अकराही जणांना, फोन लावला. आवाज जरा मोठाच होता, नेहमीसारखा. "मी मामा बोलतो. तुला दिलेला पिकअप चुकलाय. माजा कान गेलाय, मला कललं नाय. गिटार आनून दे, नवीन भरून देतो." पलीकडून बहुतेकजण म्हणायचे, नाही हो मामा, मस्त वाजतो. मामा म्हणायचे, "खोटं नको बोलू, आन." मला कोणी पगार दिला तरी असे अकरा फोन माझ्याने झाले नसते.

पुढचे तीन महिने माझा रविवार दुकानातल्या बाकड्यावर गेला. मामा भरायचे, मी ऐकायचो. कानाचं यंत्र त्यांना बसवून आणलं होतं, पण त्यातून त्यांना मामींच्या बांगड्या ऐकू येत आणि बेस ऐकू येत नसे, म्हणून ते यंत्र खिशात राहू लागलं. आयुष्यात ज्याने कधी कोणाला "कसा वाटतो" असं विचारलं नव्हतं, तो माणूस आता दर पिकअपमागे माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. माझा कान काही गाण्याचा नाही. मी म्हणायचो, "बरा आहे."

"बरा म्हंजे? एवढा ग्रॅज्युएट झालास, नीट बोल की."

"वरून जरा कोरडा आहे."

"सुक्या जवल्यासारका का तांदलाच्या भाकरीसारका?"

"भाकरीसारखा."

"पापुद्रा सुटल्याली का न सुटल्याली?"

असं आमचं चालायचं. हळूहळू आमची स्वतःची मोजमापं तयार झाली. सुटलेला पापुद्रा म्हणजे साडेनऊ हजार, अडीच पिना. एकामागून एक दहा पिकअप बदलून गेले. उरणच्या बेसवाल्याने त्याचा लावून वाजवला आणि मामांच्या पायाला हात लावला. मामांनी त्याला हटकलं. "याच्या लाग," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "मी फक्त तार फिरवली." माझ्या मार्कशीटवर जे काही लिहिलं आहे, त्याहून मोठं वाक्य माझ्याबद्दल कोणी बोललेलं नाही.

अकरावा पिकअप राहिला होता, आठ हजारांच्याही खालचा, चार पिनांचा, सगळ्यांत चुकलेला. त्याचा पहिला मालक ती गिटार कधीच विकून बसला होता. शोधत शोधत ती सापडली कामोठ्यातल्या एका मुलीकडे. कॉलेजात शिकते, तिच्या मैत्रिणींचा बँड आहे. ती गिटार पाठीवर घेऊन दुकानात आली. मामांनी नवी डबी तयारच ठेवली होती. त्यांनी पेचकस हातात घेतला तशी तिने गिटार छातीशी धरली.

"काका, नका ना बदलू."

"पोरी, हा चुकलेला हाय. टोचतो."

"टोचतो म्हणूनच आवडतो मला. मी याच्यावरच शिकलेय. बाकीच्यांचे बेस खाली बुडून जातात, माझा वर राहतो. सगळे विचारतात कुठून घेतला म्हणून."

मामा पेचकस हातात घेऊन तसेच बसले. एवढ्या महिन्यांत हे उत्तर त्यांना कोणी दिलं नव्हतं. "वाजव," ते म्हणाले. ती बाकड्यावर बसली, जोडणी केली आणि वाजवू लागली. मी ऐकलं. सुरुवातीला मला तोच टोचणारा आवाज आला. मग तिची बोटं रंगली आणि त्या टोचण्याच्या आत काहीतरी स्वच्छ, लखलखीत सुटत गेलं, दर सुराच्या तोंडाशी. मामा तिच्या बोटांकडे बघत होते, आणि मधूनमधून माझ्या तोंडाकडे. त्यांच्यापर्यंत यातलं फक्त खालचं, पोटातलं येत होतं हे मला माहीत होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली ही एक गोष्ट त्यांनी कधीच ऐकली नव्हती.

ती थांबली. मामांनी मला विचारलं, "काय हाय रे त्यात?"

मी भाकरीत शोधलं, जवळ्यात शोधलं, सापडेना. पुस्तकातला शब्द मला येत होता, पण तो सांगून त्यांना काय मिळणार होतं? मामांचं आणि माझं, आमची दोघांचीही घरं मूळची मिठागरवाल्यांची. ती आगरं आता भरावाखाली गेली, वर विमानतळाकडे जाणारे रस्ते आले. अचानक मला लहानपणीची सकाळ आठवली.

"मामा," मी म्हटलं, "आगरात मीठ धरायला लागतं तेव्हा पहाटे पाण्यावर मिठाची पहिली पातळ, काचेसारखी खापली येते ना. अजून कोणी फावडं घातलेलं नसतं. त्यावर अनवाणी पाय ठेवला की जो आवाज होतो, तो."

मामांनी पेचकस खाली ठेवला. "तो?" त्यांनी विचारलं.

"तोच. दर सुराला."

"मंग ऱ्हाऊ दे," ते तिला म्हणाले. आवाज पहिल्यांदाच हळू होता. "परत वाजव, पोरी. सावकाश."

तिने वाजवलं. मामांनी डोळे मिटले. त्यांना ऐकू आलं असं मी लिहिणार नाही, फिजिक्समध्ये ते बसत नाही. मी फक्त त्यांचे पाय बघत होतो. स्टुलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या, आणि दुकानाच्या फरशीवर ते सत्तरीचे पाय अगदी जपून, एकापुढे एक, टाच न टेकवता सरकत होते, पायाखालचं काही एकदम मोडून जाऊ नये म्हणून.